वर्गात एआय कुठे चालेल, कुठे नाही: बडोद्यातल्या नव्या शिक्षकांसाठी धोरण लिहिण्याची रीत

जूनमध्ये कॉलेजात रुजू झालात की पहिल्या पंधरवड्यातच कोणीतरी विचारणार, "मॅडम, असाइनमेंट चॅटजीपीटीवरून केली तर चालेल का?" उत्तर ठरलेलं नसेल तर तोंडून "अजिबात नाही" निघून जातं. मग वर्षभर ते कोणी पाळत नाही, आणि मोडलं हे आपल्याला सिद्धही करता येत नाही. शेजारच्या वर्गातले सर "काय हवं ते वापरा" म्हणून मोकळे झालेले असतात. एकच मुलगी अकरा वाजता एका नियमाखाली बसते आणि बारा वाजता दुसऱ्या.

मी इथे बी.ए. आणि बी.कॉम.च्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. बडोद्याचा वर्ग कसा असतो ते तुम्हाला लवकरच कळेल. पादरा-करजणहून एसटीने येणारी गुजराती माध्यमाची मुलं, अलकापुरीतली इंग्रजी माध्यमाची, दांडिया बाजार-रावपुऱ्यातली आपली मराठी घरची, मकरपुऱ्याच्या कारखान्यांत वडील असलेली हिंदी बोलणारी, सगळी एका बाकावर. अशा वर्गासाठी परदेशी विद्यापीठाचं धोरण उतरवून घेतलं तर ते दुसऱ्याच आठवड्यात कोलमडतं, कारण त्यात भाषेचा प्रश्नच धरलेला नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. सगळ्या विषयाला मिळून एक नियम लावू नका. प्रत्येक असाइनमेंटमध्ये मुलाच्या स्वतःच्या डोक्यातून काय उतरायला हवं ते ठरवा, ते लिहून द्या, आणि तपासायचं असेल तेव्हा मुलाशी बोला. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी हाताशी काय हवं

- विषयाचा अभ्यासक्रम, त्यातल्या उद्दिष्टांसकट
- इंटर्नलच्या गुणांची विभागणी
- परीक्षेतल्या गैरप्रकारांबद्दलचे तुमच्या कॉलेजचे नियम (ऑफिसात मागा, बहुतेक वेळा झेरॉक्स मिळते)
- यूजीसीचे वाङ्मयचौर्याबद्दलचे २०१८ चे नियम
- गेल्या वर्षीचे असाइनमेंटचे प्रश्न आणि काही जुनी उत्तरं, नावं झाकून
- फोनवर दोन-तीन मोफत एआय साधनं, मुलं वापरतात तीच
- एक वेगळी वही. कशासाठी ते सातव्या पायरीत येईल

पायरी १: आपला प्रश्न आधी आपणच एआयला घाला

धोरणाचा एक शब्दही लिहायच्या आधी आपल्या गेल्या वर्षीच्या असाइनमेंट त्या साधनाला द्या आणि उत्तरं छापून घ्या. हे न करता लिहिलेलं धोरण अंदाजावर चालतं.

एक उदाहरण देते. मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती पटीने बदलते ते, काढायला सांगितली: किंमत २० रुपयांवरून २५ झाली, मागणी १०० नगांवरून ८० वर आली. वर्गात आपण साधी टक्केवारीची पद्धत शिकवली असेल तर किंमत २५ टक्क्यांनी वाढली, मागणी २० टक्क्यांनी घटली, उत्तर ०.८. साधन मात्र पुष्कळदा मध्यबिंदूची पद्धत घेतं. त्यात दोन्ही बदल जुन्या-नव्या आकड्यांच्या सरासरीवर मोजतात, म्हणून उत्तर बरोबर १ येतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, पण अर्थ वेगळा निघतो: एकात मागणी कमी लवचिक, दुसऱ्यात एकक लवचिक, म्हणजे दोन्ही सारख्याच प्रमाणात बदलतात. वहीत १ आलं म्हणजे मुलाने एआय वापरलं असं लगेच धरू नका, कारण यूट्यूबवरच्या शिकवण्यांतही मध्यबिंदूची पद्धत असते. "दोन पद्धतींनी काढा आणि उत्तरात फरक का पडला ते लिहा" असा प्रश्न केला, तर साधन वापरूनही मुलाला विचार करावाच लागतो. हा बदल मला प्रश्न साधनाला घातल्यावरच सुचला.

मुलांच्या हातात हे कितपत आहे याची शंका ठेवू नका. चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं. २०२५ मध्ये एअरटेलने पर्प्लेक्सिटीची आणि जिओने जेमिनीची पैसे भरून मिळणारी आवृत्ती आपल्या ग्राहकांना मोफत देऊ केली. तरीही "सगळ्यांकडे सारखंच आहे" असं समजू नका. कोणाकडे भारी आवृत्ती असते, कोणाकडे आईचा फोन रात्री नऊनंतर. म्हणून पैसे भरल्याशिवाय नीट जमणार नाही असं काम 'एआय वापरून करा' म्हणून देऊ नका.

पायरी २: असाइनमेंटगणिक एक शब्द ठरवा

मी तीन शब्द वापरते: 'बंद', 'मदतीपुरतं' आणि 'खुलं'. सेमिस्टरमधल्या सगळ्या कामांची यादी करा आणि प्रत्येकापुढे यांपैकी एक लिहा. शब्द ठरवताना एकच प्रश्न मनात ठेवा: या कामातून मुलाला नेमकं काय यायला हवं आहे?

आलेख काढायला शिकायचं असेल तर 'बंद', आणि ते काम वर्गातच, पेन्सिल-पट्टीने. घरी दिलेल्या कामाला 'बंद' लिहिलं तर ते तुम्ही पाळून घेऊ शकत नाही. मग जी मुलं प्रामाणिकपणे पाळतात त्यांचेच गुण कमी येतात, आणि हा अन्याय त्यांच्या लक्षात येतो. म्हणून 'बंद' फक्त तुमच्या डोळ्यांदेखत होणाऱ्या कामाला.

महागाईवर निबंध लिहायचा असेल तर 'मदतीपुरतं'. अर्थसंकल्पावर साधनाने दिलेला सारांश तपासून त्यातल्या चुका काढायच्या असतील तर 'खुलं'. पहिल्या वर्षाला 'बंद' कामं जास्त ठेवा, कारण पाया तिथे बसतो. तिसऱ्या वर्षाला 'खुलं' वाढवा. ही मुलं वर्षभरात नोकरीला लागणार आहेत आणि तिथे हे साधन त्यांच्यापुढे असणारच.

इथे एक सापळा आहे. "हाताने लिहून आणा" म्हटलं की प्रश्न मिटला असं बऱ्याच जणांना वाटतं. फोन समोर ठेवून चार पानं उतरवायला मुलांना अर्धा तास लागतो, आणि त्यात हाताला व्यायाम होतो तेवढाच. लिहून घ्यायचं असेल तर समोर बसवून घ्या.

पायरी ३: भाषांतर आणि दुरुस्ती यांबद्दल स्पष्ट लिहा

बडोद्यातल्या धोरणात मला ही पायरी सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि हीच बहुतेक जण गाळतात.

गुजराती माध्यमातून आलेला मुलगा विचार गुजरातीत करतो. इंग्रजीत उत्तर द्यायचं तर तो आधी वहीत गुजरातीत लिहितो, मग गूगल ट्रान्सलेट, हल्ली चॅटजीपीटी. आपल्या मराठी घरांतही हेच. आजीशी मराठी, मित्रांशी गुजराती, सबमिशन इंग्रजीत. "एआय वापरू नका" एवढंच म्हटलं तर या मुलांनी काय समजायचं? भाषांतर म्हणजे वापर का? ग्रामर्लीने स्पेलिंग सुधारलं तर? फोनला बोलून टाइप करून घेतलं तर? फोनचा कीबोर्ड पुढचा शब्द सुचवतो, त्याचं काय?

म्हणून प्रत्येकाचं नाव घेऊन लिहा. माझी वाटणी अशी. शब्दाचा अर्थ, स्पेलिंग, व्याकरण आणि बोलून टाइप करणं कायम चालेल, फक्त भाषेच्या पेपरला नाही. स्वतः लिहिलेल्या मजकुराचं भाषांतर चालेल, पण मूळ मजकूर जोडायचा, वहीच्या पानाचा फोटो असला तरी पुरे. "माझे मुद्दे नीट मांडून दे" म्हणून सगळा परिच्छेद नव्याने लिहवून घेणं 'मदतीपुरतं'मध्ये बसत नाही. हा शेवटचा भेद मुलांना पटकन कळत नाही. वर्गात फळ्यावर एका परिच्छेदाची तिन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून दाखवा: मूळ, दुरुस्त केलेलं आणि नव्याने लिहवून घेतलेलं. तिसऱ्यात स्वतःचा एखादा मुद्दा कसा गायब झाला आणि नवा एक कुठून घुसला, ते मुलं स्वतःच दाखवतात.

पायरी ४: धोरण एका पानात लिहा

एका पानापेक्षा मोठं धोरण मुलं वाचत नाहीत. मी वापरते त्याचा मराठी मसुदा देते. वर्गात देताना तो इंग्रजी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत, एकाच कागदाच्या दोन बाजूंना छापा.

> या विषयातल्या प्रत्येक असाइनमेंटच्या माथ्यावर 'बंद', 'मदतीपुरतं' किंवा 'खुलं' यांपैकी एक शब्द असेल. काहीच लिहिलेलं नसेल तर 'मदतीपुरतं' समजावं.
>
> बंद: काम वर्गात होईल. फोन बॅगेत.
>
> मदतीपुरतं: विषय समजून घ्यायला, शब्दार्थाला, स्वतःच्या मजकुराच्या भाषांतराला आणि व्याकरणाला एआय चालेल. मुद्दे, उदाहरणं, आकडे आणि निष्कर्ष स्वतःचे हवेत. भाषांतर केलं असेल तर मूळ मजकूर जोडावा.
>
> खुलं: कशासाठीही वापरावं. साधनाला विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर जोडावं, आणि त्यातलं काय चुकलं, काय बदललं ते स्वतः लिहावं.
>
> शेवटच्या पानावर तीन ओळी: कोणतं साधन, कशासाठी, त्यातलं काय ठेवलं. वापरलं नसेल तर तसं लिहावं.
>
> खरं सांगितल्याबद्दल गुण कापले जाणार नाहीत. संदर्भ म्हणून दिलेलं पुस्तक, लेख किंवा आकडा अस्तित्वातच नसेल, तर तो कुठूनही आलेला असो, त्या भागाला शून्य.
>
> कोणत्याही असाइनमेंटवर पाच मिनिटं बोलायला बोलावलं जाईल. बोलावणं म्हणजे आरोप नव्हे.

खोट्या संदर्भांचं कलम आवर्जून ठेवा. ही साधनं पुढे कोणता शब्द शोभेल याच्या अंदाजाने मजकूर रचतात. त्यामुळे लेखकाचं नाव, साल, प्रकाशक सगळं खरं वाटेल असं पुस्तक ती सहज बनवतात. न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खटले खरे समजून कोर्टात दाखल केले, आणि जून २०२३ मध्ये दोघा वकिलांना व त्यांच्या फर्मला मिळून ५,००० डॉलरचा दंड झाला. ही गोष्ट वर्गात सांगा. वकिलांना दंड झाला म्हटल्यावर मुलं कान देतात. मग एक काम द्या: साधनाकडून आपल्या विषयावरच्या पाच पुस्तकांची यादी घ्यायची आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयाच्या किंवा आपल्या कॉलेजच्या कॅटलॉगमध्ये ती शोधायची. ग्रंथालयातून परत आल्यावर त्यांना कलम समजावून सांगावं लागत नाही.

पायरी ५: वाचून दाखवा, सह्या घ्या

नुसतं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं काढा, दोन्ही भाषांत वाचा, शंका घ्या. त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची नावं टिपून ठेवा आणि त्यांना वेगळं सांगा, कारण पुढे वाद होतो तो नेमका त्यांच्याशी. विभागप्रमुखांना (एचओडी) एक प्रत आधी द्या. त्यांना धोरण मुलांकडून कळलं तर तुमची बाजू कमकुवत होते.

पायरी ६: डिटेक्टरच्या टक्क्यांवर गुण कापू नका

इथे मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण या एका गोष्टीने मुलांचं खरोखर नुकसान होताना मी पाहिलं आहे.

एका मुलाचा कपाशीच्या भावावरचा निबंध एका मोफत डिटेक्टरवर, म्हणजे मजकूर एआयने लिहिला आहे का ते सांगणाऱ्या वेबसाइटवर, टाकला तर सगळा लाल झाला. इंग्रजी सफाईदार होतं, आणि मुलगा वर्गात इंग्रजीत एक वाक्य बोलत नसे. शेरा मारण्याआधी त्याला बोलावलं. तो वही घेऊन आला. करजणजवळच्या गावचा, घरी कपाशी. वहीत गुजरातीत, निळ्या पेनाने, बाण काढून जोडलेले मुद्दे: वडिलांनी माल कधी विकला, का थांबले नाहीत, जिनिंगवाल्याने काय भाव दिला. मी इंग्रजी प्रत त्याच्यापुढे ठेवली आणि भावाचं वाक्य वाचायला सांगितलं. "क्विंटलला १,४०० रुपये" असं होतं. तो वाचता वाचता थांबला आणि म्हणाला, "मॅडम, आ तो मणनो भाव छे." गुजरातेत कपाशीचा भाव वीस किलोच्या मणाला सांगतात. साधनाने आकडा तोच ठेवून मणाचं क्विंटल करून टाकलं होतं. विचार त्याचा होता, माहिती त्याच्या घरची होती, आणि चूक दाखवली तीही त्यानेच. वेबसाइटच्या टक्क्यांवर गेलो असतो तर त्याला शून्य मिळालं असतं.

हे का होतं, ते समजून घ्या. मजकुरातला पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे डिटेक्टर बघतो. मोजक्या शब्दांत, साध्या वाक्यांत लिहिणाऱ्याचा मजकूर त्याला यंत्राचा वाटतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेत लिहिणारी मुलं तशीच लिहितात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टर तपासले. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी इंग्रजीच्या टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. अमेरिकी आठवीच्या मुलांच्या निबंधांच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ चुकले नाहीत. पुढचा भाग तर विचार करायला लावणारा आहे. तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीकडून शब्द सजवून घेतल्यावर हे खोटे शिक्के सुमारे १२ टक्क्यांवर आले. म्हणजे ज्याने खरंच साधन वापरलं तो सुटतो आणि ज्याने वापरलं नाही तो अडकतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर काढला आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत बंद केला. गुजराती-मराठी मजकुराच्या बाबतीत तर हे आकडे मनावरच घेऊ नका.

याला जोडूनच आणखी एक घोटाळा होतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १०, ४० आणि ६० टक्क्यांच्या पायऱ्या आहेत. त्या दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याच्या आहेत. सॉफ्टवेअर साम्याचे टक्के वेगळे दाखवतं आणि एआयचे वेगळे. "एआय २५ टक्के आलं, म्हणजे यूजीसीच्या पहिल्या पायरीत" असं कोणी म्हणालं तर नियम उघडून दाखवा. २०१८ साली हा विषयच नव्हता.

असाइनमेंटच्या फाइलमध्ये पांढऱ्या अक्षरांत छुपं वाक्य घालून मुलांना पकडायची युक्तीही काही जण सुचवतील. ती करू नका. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याला ते वाक्य ऐकू येतं आणि तो बिचारा उत्तरात घालतो. शिवाय एकदा कळलं की वर्ग तुमच्या प्रत्येक कागदाकडे संशयाने बघतो.

पायरी ७: शंका आली तर काय करायचं

आधी बोलावणं. एकट्याने नको, दुसरे एक शिक्षक बसलेले असू देत. मुलगी असेल तर मैत्रिणीला बाहेर थांबू द्या. मुलाला हव्या त्या भाषेत बोलू द्या.

प्रश्न चौकशीचे नकोत, कामाचे हवेत. "हे उदाहरण कुठून सुचलं?" "हा शब्द इथे का वापरलास?" "दुसरा मुद्दा काढून टाकला तर निष्कर्ष बदलेल का?" "आता पुन्हा लिहायचं तर काय वेगळं लिहिशील?" ज्याने विचार केला आहे तो अडखळत का होईना बोलतो. भित्री मुलं गप्प बसतात, त्यांना पाच मिनिटं देऊन कागदावर लिहू द्या. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर व्हर्जन हिस्टरी बघता येते. पण व्हॉट्सॲपवर टाइप करून मग चिकटवणारी मुलं खूप असतात, त्यामुळे एकदम आलेला मजकूर हाही पुरावा धरू नका.

बोलणं झालं की ती वेगळी वही उघडा: तारीख, काय विचारलं, काय उत्तर आलं, काय ठरलं. मुलाला वाचायला द्या आणि सही घ्या. पहिल्यांदा घडलं असेल तर तेच काम समोर बसवून पुन्हा करून घेणं पुरतं. पुन्हा घडलं तर एचओडी, आणि त्यापुढे कॉलेजची समिती. गुण शून्य करायचा निर्णय एकट्याने कधीही घेऊ नका. २०२४ मध्ये एआय वापरल्याच्या आरोपावरून नापास झालेला एक विधी विद्यार्थी पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयात गेला होता; विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्यावर प्रकरण निकाली निघालं. लेखी नोंद तुमच्याइतकीच मुलाच्याही कामी येते.

साठ-सत्तरच्या वर्गात सगळ्यांशी बोलणं जमणार कसं, असं वाटेल. सगळ्यांशी बोलू नका. प्रत्येक असाइनमेंटनंतर हजेरीपटावरून चिठ्ठ्या काढून आठ-दहा जणांना बोलवा, शंका असो वा नसो. बोलावणं नेहमीचं झालं की त्याची भीती जाते, आणि आपल्यावरही पाळी येऊ शकते हे माहीत असल्याने मुलं आपलं लिहिलेलं वाचून तरी येतात.

पायरी ८: प्रश्न बडोद्याचे करा

धोरणापेक्षा प्रश्न बदलल्याने जास्त फरक पडतो. "भाववाढीची कारणे लिहा" याचं उत्तर साधन डोळे मिटून देतं. हे बघा:

"बडोदे संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण लागू झालं; त्याआधी १८९३ मध्ये अमरेली भागात त्याचा प्रयोग झाला होता. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत थोरल्या बाईंशी बोला. त्या कितवीपर्यंत शिकल्या, शाळा कुठे होती, का सोडली? त्यांच्या आईबद्दलही विचारा. कायदा आणि प्रत्यक्ष यांत अंतर का पडलं असेल?" सयाजीरावांच्या शिक्षणधोरणाची माहिती साधनाकडून खुशाल घ्या. आजी काय म्हणाली ते त्याला ठाऊक नाही. या कामात पणजीच्या शाळेचा दाखला, पाटीचा फोटो, अर्धवट राहिलेल्या शिक्षणाची हळहळ अशा गोष्टी घरातून वर्गात आल्या आहेत. मराठी, गुजराती, सिंधी सगळ्या घरांतून.

आणखी काही: खंडेराव मार्केटच्या परिसरातल्या तीन भाजीवाल्यांकडे एकाच भाजीचा सकाळचा आणि संध्याकाळचा भाव घ्या आणि फरकाचं कारण त्यांनाच विचारा. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचा पूर आला तेव्हा तुमच्या सोसायटीतल्या एका दुकानदाराचं किती दिवस नुकसान झालं, विमा होता का, पैसे कुठून उभे केले? नवरात्रात चनिया-चोळीच्या दुकानदाराचा माल कधी भरला जातो, उधारी किती दिवसांची?

ज्याच्याशी बोलले त्याचं नाव लिहायला लावू नका, आणि पुरात घर गेलेल्याला खोदून विचारायला मुलांना पाठवू नका. हे प्रश्नाबरोबरच लिहून द्या.

पायरी ९: वय आणि खासगी माहिती

पहिल्या वर्षाची बरीच मुलं जूनमध्ये सतरा वर्षांची असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ नुसार अठराखालची व्यक्ती बालक, आणि तिची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींतही किमान वय १३ आणि अठराखालच्यांना पालकांची परवानगी असं आहे. म्हणून "सगळ्यांनी आत्ता खातं उघडा" असं वर्गात सांगू नका. 'खुलं' काम दोघा-तिघांच्या गटात द्या, म्हणजे ज्याला खातं नको असेल त्याचं अडत नाही. शाळेत अकरावी-बारावीला शिकवत असाल तर पालकसभेत हे पान वाचून दाखवा आणि संमती लेखी घ्या.

आपल्या बाजूनेही एक पथ्य आहे. मुलांच्या नावांसकट गुणांची यादी, वैद्यकीय कारणाचे अर्ज, वर्गाचे फोटो यातलं काहीही या साधनांत टाकायचं नाही.

पायरी १०: आपण वापरतो ते आपणही सांगायचं

प्रश्नपेढी करताना, स्लाइड बनवताना तुम्ही एआय वापरलं असेल तर मुलांना सांगा. त्याने केलेल्या बहुपर्यायी प्रश्नांची उत्तरं एकेक करून तपासा. दोन पर्याय बरोबर असलेले प्रश्न त्यात हमखास निघतात. उत्तरपत्रिका तपासायचं काम मात्र त्याच्यावर सोपवू नका. मुलाने रात्र जागून लिहिलेलं पान माणसाने वाचायला हवं, याबाबत मी तडजोड करत नाही.

पायरी ११: दिवाळीच्या सुट्टीत पान पुन्हा लिहा

सेमिस्टर संपताना मुलांकडून नाव न लिहिता चिठ्ठ्या घ्या: कोणता नियम कळला नाही, कोणता पाळणं अवघड गेलं, कोणता अन्यायाचा वाटला. दोन्ही भाषांत लिहायची मुभा द्या. त्या चिठ्ठ्या आणि वहीतल्या नोंदी शेजारी ठेवून पान बदला, वर नवी तारीख घाला, जुनी प्रत विभागाच्या फाइलला लावा. विभागाच्या बैठकीत सगळं धोरण सगळ्यांवर लादायचा आग्रह धरू नका. 'बंद', 'मदतीपुरतं' आणि 'खुलं' हे तीन शब्द सगळ्यांनी एकाच अर्थाने वापरावेत, एवढंच मागा. कुठल्या कामाला कोणता शब्द लावायचा ते ज्याचा विषय त्याने ठरवावं.